सोमवारी पुन्हा उघडलेला बोल्ट

पप्पा,

रविवारी मी गाडीचं तेल बदललं की सोमवारी तुम्ही ती गॅरेजमध्ये नेऊन माझं काम पुन्हा तपासून घ्यायचात, हे मला मागच्या महिन्यात काशीमिऱ्याच्या नाक्यावर कळलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. कोणी मुद्दाम सांगायला आलं नव्हतं, माझ्या स्कूटरची क्लचची केबल तुटली, एवढंच. ती अजून थोडी टिकली असती तर मी घरी पोचले असते आणि मरेपर्यंत तुमच्यावर विश्वास ठेवला असता. कधी कधी वाटतं, बरं झालं असतं. नाही, तसंही वाटत नाही. नक्की काय वाटतंय ते शोधायला म्हणून लिहायला बसलेय, आणि सध्या सापडतोय तो फक्त राग.

आधी रविवार सांगते. तुम्हाला तो माहिती आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही कधी बघितलेला नाही. दोन-तीन महिन्यांतून एक रविवार. आपली बिल्डिंग नवीन आहे, मोरव्याच्या रस्त्याला, मागच्या खिडकीतून अजून मिठागरं दिसतात. तुम्ही स्कूटरवर एक चक्कर मारून येता, कारण इंजिन गरम असलं की तेल पातळ होतं आणि पूर्ण उतरतं. मी कंपाउंडमध्ये गोणपाट टाकून बसलेय, आठवीत आहे, शाळेचा जुना स्कर्ट घातलाय. तुपाचा जुना डबा इंजिनखाली सरकवते, पाना लावते, खालचा बोल्ट सोडवते. तुम्ही हात लावत नाही. हाताची घडी घालून मागे उभे. काळं तेल धारेने पडतं, मग थेंब थेंब, आणि मी एक थेंब दोन बोटांत चोळून उजेडात धरते, त्यात लोखंडाचा चुरा चमकतोय का बघायला. हे तुम्ही शिकवलेलं. मग बोल्टला नवीन वायसर, बोल्ट जागेवर, वरच्या भोकातून नवं तेल, भोकाच्या काठाशी येऊन ओघळेपर्यंत. आवळायचं पण जीव खाऊन नाही, नाहीतर आटे जातात. बोल्ट एका जागी हाताला सांगतो, की आता बस. ते सांगणं मला ऐकू यायचं, पप्पा. म्हणजे मला वाटायचं, की येतं.

काळं तेल न्यायला मुर्ध्याची भाजीवाली मावशी यायची, घराच्या वाशांना लावायला, वाळवी लागू नये म्हणून. "काला त्याल हाय का गो पोरी?" असं गेटमधूनच विचारायची. तुम्ही तिलासुद्धा सांगायचात, हे तेल माझ्या मुलीने काढलंय. तिला काय त्याचं. पण तुम्ही सांगायचात. पहिल्या मजल्यावरचे बँकेतले काका त्यांची गाडी गॅरेजला द्यायचे आणि तेवढ्यासाठी तुम्ही त्यांना दर वेळी धरायचात. गॅरेजवाले काय करतात माहितीय का तुम्हाला, जुनंच तेल फडक्यातून गाळतात आणि नवं म्हणून भरतात, सगळे चोर. आमचा मेकॅनिक घरचा आहे. काका म्हणायचे, हिच्या लग्नात जावयाला पानाच द्या मग. तुम्ही म्हणायचात, जावई गाडीसकट इकडेच येईल सर्व्हिसिंगला. आई वरून गॅलरीतून माझ्या नखांवर ओरडत असायची, ह्या हाताच्या चपात्या कोण खाणार म्हणून, आणि तुम्ही खालून वर बघून म्हणायचात, मी खाईन. अख्ख्या कंपाउंडसमोर. मी मान खाली घालून फडक्याने हात पुसत बसायचे आणि आतून नुसती फुलायचे.

नववीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी असा रविवार आला. मी म्हटलं, पप्पा, ह्या वेळी गॅरेजला द्या ना, माझं बीजगणित राहिलंय. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी ज्या आवाजात बोललात तो अजून आठवतो. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे जीव द्यायचा, म्हणालात. मी रोज ठाण्याला जातो, जंगलातल्या रस्त्याने. चेण्याच्या उतारावर गिअर अडकला तर गॅरेजवाला येणार आहे का सोडवायला? मी वही मिटून खाली गेले. बोल्ट आवळताना मला खरंच वाटत होतं, की तुमचा जीव माझ्या मनगटात आहे. सोमवारी परीक्षेच्या हॉलमध्ये बसून मी गणितं सोडवत नव्हते, तुम्ही आता चेण्याला पोचला असाल का ते बघत होते. आणि तुम्ही त्या वेळी कुठे होतात? काशीमिऱ्याला. बाकड्यावर बसून चहा पीत, आणि खाली तिथला गॅरेजवाला माझा बोल्ट उघडत होता.

ह्या वाक्यापाशी मी रोज येऊन थांबतेय. पुढे जाते.

दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला पान्यांचा सेट आणलात. कॅनव्हासच्या गुंडाळीत, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. माझ्या वर्गातल्या मुलींना ड्रेस मिळाले, घड्याळं मिळाली. आणि ते वाक्य म्हणालात: "तुझ्या हाताला मशीन कळतं." मला आर्ट्सला जायचं होतं, हे तुम्हाला पण ठाऊक होतं. पण असं वाक्य ऐकल्यावर कोण आर्ट्सला जाईल? मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेले. वर्गात मुली जवळपास नाहीतच. वर्कशॉपला लोखंडाचा तुकडा द्यायचे, कानशीने घासून काटकोनात आणायचा. सर त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की तुकडा भंगारात. माझा तुकडा दर वेळी भंगारात. एकदा मी चिडून म्हटलं, सर, माझ्या पप्पांची स्कूटर माझ्या हातावर चालते. सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी तुकडा भंगारातून काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मग पप्पांनाच दाखव.

मी दाखवला. तुम्ही चष्मा लावलात, तुकडा इकडून तिकडून फिरवलात आणि म्हणालात, चांगला तर आहे. तुझ्या मास्तरला डोळे नाहीत.

त्यानंतर मी त्या सरांचं एक अक्षर ऐकलं नाही. ते येऊन कानस कशी धरायची ते दाखवायचे, मी हो म्हणायचे आणि माझ्याच पद्धतीने घासायचे. त्याच वर्षी तुम्ही ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. गाडी आईने विकून टाकली. मी वर्कशॉपमध्ये नापास झाले, परत बसले, परत नापास झाले, शेवटी सोडलं आणि आर्ट्सलाच गेले, दोन वर्षं घालवून, सगळ्यांच्या नजरा खात. आणि इतकं होऊनही मी मनात म्हणत राहिले, की चूक त्या कॉलेजची आहे. माझ्या हाताची नाही. हाताबद्दल मला पप्पांनी सांगितलंय.

आता काशीमिरा. केबल तुटली, गाडी ढकलत पहिल्या गॅरेजला नेली. वयस्कर माणूस, लुंगी, कानाला जाड चष्म्याची दोरी. मी डिकीतून माझी पान्यांची गुंडाळी काढली, तर तो तिच्याकडेच बघत बसला. "ये तो मैंने ही दिलाया था," म्हणाला, "मोरवा रोडवाले साहब को. तुम वो बेबी हो क्या?" मी हो म्हटलं. इतका खूश झाला. पोराला चहाला पिटाळलं. मग बोलायला लागला तो थांबेचना. साहेबांना चांगला सेट कुठे मिळतो माहिती नव्हतं, हाच त्यांना दुकानात घेऊन गेला होता. साहेब इथे ह्याच बाकड्यावर बसायचे. मी विचारलं, कशाला यायचे? गाडी तर घरीच व्हायची. तो केबल ओवता ओवता म्हणाला, अगदी सहज, कोणी जेवणाची वेळ सांगावी तसं: "संडे को बेबी करती थी, मंडे को साहब लाते थे. बोलते, खोल के देख लो. कभी बोलते, पूरा ही बदल दो."

मी म्हटलं, दर वेळी? तो म्हणाला, हर बार. एकही सोमवार चुकवला नाही. आणि हसून सांगितलं, की साहेब कंपाउंडमध्ये आम्हाला चोर म्हणायचे ते पण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, बुरा मत मानना म्हणून. आणि घराकडे कधी आलास तर बोलू नकोस, बेबी का दिल टूटेगा, असंही साहेबांनी बजावलं होतं. त्याने शब्द पाळला, बघा. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं पाळला. त्याला वाटलं, आता मी मोठी झालेय, आता हसेन.

घरी आले. आई सुके बोंबील तोडत बसली होती. मी चप्पल पण काढली नव्हती. म्हटलं, पप्पा माझं काम गॅरेजमध्ये तपासून घ्यायचे, तुला ठाऊक होतं? तिने मान पण वर केली नाही. "होतं की," म्हणाली. "मी मागे बसायचे ना त्या गाडीवर. मला पण जीव आहे." मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, किती खूश असायचीस, कोण सांगणार? आणि मग बोंबील बाजूला ठेवून जे बोलली ते तिच्याकडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "माझ्या कालवणात मीठ जास्त झालं तर पाहुण्यांसमोर ताट सरकवायचे. तुझ्या बोल्टला मात्र वा वा. मला कधी कोणी खोटं चांगलं म्हणालं नाही गं."

मी भांडायला गेले होते, पण त्यानंतर भांडता येईना. तिच्याशेजारी खाली बसले आणि बोंबलांची डोकी मोडायला घेतली. मोडता मोडता लक्षात आलं, की मी तिच्यापेक्षा जास्त चिडलेय आणि मला तिचा हेवा वाटतोय. तिला निदान माहिती होतं, कधी जमलंय आणि कधी नाही. ज्या दिवशी तुम्ही मुकाट्याने जेवलात त्या दिवशी कालवण चांगलं होतं, हे तिला शंभर टक्के कळत होतं. त्या सरांनीसुद्धा मला उजेड दाखवला होता, फटीतला, खिडकीकडे धरून. तुम्ही मला काय दाखवलंत? हाताची घडी.

लोक म्हणतील, प्रेमाने केलं. मला पण ते वाक्य सुचलंय, मी इतकी बावळट नाही. लहान मुलगी, जंगलातला रस्ता, मागे बसलेली बायको, बाप तपासून घेणारच. तपासा ना. माझ्यासमोर तपासायचं होतं. म्हणायचं होतं, चल, दोघं जाऊ गॅरेजला, तो बघेल, तू पण बघ. मी बाकड्यावर तुमच्या शेजारी बसून शिकले असते. सैल असता तर सैल आहे हे कळलं असतं, पुढच्या वेळी नीट बसला असता. तुम्हाला मुलगी शिकवायला नको होती, कंपाउंडमध्ये सांगायला हवी होती. आणि मला तर हेही कळत नाही, की मी मुलगा असते तर तुम्ही काय केलं असतंत. असंच? की गोणपाटावरच कान पिळून म्हणाला असतात, गाढवा, वायसर उलटं बसलंय?

आता माझी स्वतःची गाडी आहे. तेल मीच बदलते, सोमवारी कोणी बघत नाही, आणि चालते. पण त्याने काही सिद्ध होत नाही. आताचा हात आताचा आहे. मला त्या मुलीच्या हाताबद्दल विचारायचंय, आणि तिने ज्याला विचारलं त्याने चष्मा लावून खोटं सांगितलं. गेला महिनाभर कोणी काही चांगलं म्हणालं, की मी त्याच्या तोंडाकडे बघतेय. मी लिहिलेलं दुसरंच काहीतरी वाचून मैत्रीण म्हणाली, मस्त झालंय. मी म्हटलं, नक्की? ती म्हणाली, वेडी आहेस का. तिला कसं सांगू?

हे तुम्हाला पोचायची काही सोय नाही, आणि आईला वाचून दाखवणार नाही, ती म्हणेल एवढ्याशा बोल्टवर किती पानं. फाडणार पण नाही. राहील. पण वर एक गोष्ट लिहायची टाळली, ती लिहून टाकते. काशीमिऱ्याला केबल बसली, मी गाडीवर बसले, तेव्हा तो म्हातारा हात पुसत जवळ आला. त्याला अजून सांगायचं होतं. "वैसे बेबी," म्हणाला, "आपका बोल्ट खोलता था ना, तो..." आणि मी किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली, आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलताना दिसले. तो बोलून थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी काय म्हणते म्हणून. मी मान हलवली, ऐकल्यासारखी, आणि निघाले. मला कुठे जायची घाई नव्हती.