बोलावणं

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदा मला तुमच्याशी भांडायचंय.

गुलमंडीच्या मागं तुमच्या दोन खोल्या. बाहेर पेटी, आत काकूंचा स्वयंपाक. शिकवणी लांबली की काकू मला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एकदा शेजारच्या बारशाला मी गायले. बायकांनी नंबर मागितला, मी दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेटीचा भाता बंद केलात. म्हणालात, "गाणाऱ्या माणसानं आपला नंबर वाटत फिरायचं नसतं. लोक मला विचारतील. मी सांगीन तुला." किती मायेचं वाटलं होतं ते! मग जो कुणी विचारील त्याला मी म्हणायचे, सरांना विचारा. बोलावणं कधी आलंच नाही. माझ्याच आवाजात काही कमी असेल असं मी धरून चालले, आणि साड्यांच्या दुकानात बिलं करायला लागले.

तुम्ही गेल्यावर एकदा भाजी निवडताना गायलेलं गाणं सहज फोनवरून नेटवर टाकलं. देवगाव रंगारीहून कुणीतरी लिहिलं, "ताई, अर्धंच का म्हणलं? पुढचं टाका की." तिथून सुरू झालं. आता माझ्या श्रोत्यांचा ग्रुप आहे. नवं गाणं आधी त्यांना जातं. ते दर महिन्याला आपापल्या ऐपतीनं काही ना काही पाठवतात, घरी बैठकीला बोलावतात. सतरंजी त्यांची, चहा त्यांचा, गाणं माझं. कुणाच्या आईला कोणतं भजन लागतं ते मला पाठ आहे. दुकान सोडलं. माझं आणि साथीला येणाऱ्या तबलजीचं, अशी दोन घरं यावर चालतात.

परवा मुकुंदवाडीत एका निवृत्त बाईंकडं बैठक होती. मध्यंतरात त्या माझा हात धरून म्हणाल्या, "लई बरं वाटलं गं, तू पुन्हा गायला लागलीस."

"पुन्हा म्हणजे?"

"लग्न झाल्यावर सोडलं होतंस ना? सासरी चालत नाही म्हणे."

"कोण म्हणलं?"

"तुझे सरच. त्या बारशाला तुला ऐकल्यापासून आम्ही दर वर्षी तुलाच बोलवायचो. ते सांगायचे, ती नाय येणार, मीच येतो."

सर, तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं! मी दुकानात बिलं फाडत होते, आणि तुम्ही माझ्या जागेवर बसून गात होतात. माझं बोलावणं तुम्ही स्वतःकडं वळवलंत, हे एक वेळ सोसलं असतं. पण मी कुणाला नकोय, असं तुम्ही मला इतकी वर्षं वाटू दिलंत. त्या रात्री पुढचं गाणं मी कसं म्हटलं, माझं मला ठाऊक.

हे पत्र काकूंना वाचून दाखवावं असं मनात आलं. पण त्यांना हे माहीत होतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही. म्हणून राहू दे.

एकच सांगते. काल बिडकीनच्या बैठकीत एकानं विचारलं, "गाणं कुणाकडं शिकलात?" "आपलं आपणच," असं म्हणायचं मी घरून ठरवून गेले होते. तोंडातून तुमचंच नाव निघालं, आणि हात आपोआप कानाच्या पाळीला गेला.