न सुकणारं रोप

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

या सत्रात मला वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. काम म्हणजे टोमॅटोच्या पानांवर आजारी पानांचा रस चोळायचा आणि कोण माना टाकतं ते बघत बसायचं. याला का शिक्षण म्हणतात, असं तू म्हणशीलच! पण सरांचं नवं वाण माना टाकतच नाही. सत्र संपताना सभागृहात ते सगळ्यांना दाखवायचंय.

या नव्या वाणाच्या, रस न लावलेल्या ट्रेमधलं एकेक रोप विद्यार्थ्यांनी घरी न्यायचं, अशी सरांची पद्धत आहे. माझं तुझ्या रोपवाटिकेला पाठवतेय.

लोभ वाढव, टोमणे कमी कर.

तुझी मुंगी

२९ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

रोप पोचलं. काय त्याचा रुबाब! नवरदेवासारखं दारातच ठेवलंय. कामावरच्या बायका आधी त्याचे फुटवे खुडतात, मग वाफ्यांत शिरतात. म्हणतात, हाताला गुण येतो. मी हसते, पण खुडते मीसुद्धा.

एक विचारायचंय. तिसऱ्या वाफ्यात टोमॅटोच्या रोपांची पानं आक्रसलीत, पिवळे चट्टे पडलेत. खतवाल्याला फैलावर घेतलं, तर तो शपथा खातो. काल चौथ्या वाफ्यातही तेच दिसलं. तुझं रोप मात्र ठणठणीत. सरांना विचार. पंधरवड्यात रोपांची उचल सुरू होईल, आणि आमचं वर्षाचं पोट त्यावर आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

आत्या

१० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न.

फोन उचलत नाहीस, म्हणून गाडीवाल्याच्या हाती चिठ्ठी देतेय. त्या रोपाला हात लावू नकोस. तुझं पत्र वाचून मी रस न लावलेल्या त्या ट्रेमधली पानं तपासली. विषाणूंनी भरलेली निघाली. आम्ही सगळे ट्रे एकाच कात्रीने छाटत होतो, आत्या. हे वाण स्वतः आजारी पडत नाही. आजार अंगात बाळगतं आणि हातांवाटे दुसऱ्यांना देतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, सादरीकरणापर्यंत गप्प राहा, पानं उन्हानेही आक्रसतात. बोललीस तर प्रयोगशाळेत पुन्हा पाय ठेवायचा नाही. मी घाबरलेय. एकही रोप बाहेर जाऊ देऊ नकोस.

रागाव, पण तुटू नकोस.

मुंगी

११ सप्टेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

चिठ्ठी काल दुपारी मिळाली. गाड्या सकाळीच भरून गेल्या होत्या. ते दोन वाफे मी मागे ठेवले होते. बाकीची रोपं धडधाकट दिसली, म्हणून दिली.

तुझं रोप उपटून जाळलं. मग वाफे जाळले. बायका रडत होत्या. मला रडायला सवड नव्हती.

आता ऐक. माना टाकणाऱ्या रोपाची भीती कसली? ते दिसतं, उपटता येतं. भीती धरावी ती ताठ उभं राहून आजार वाटणाऱ्याची! तुझे सर त्याच वाणाचे. खरं बोलायला सत्र संपायची वाट बघायची नसते, पोरी. त्याच सभागृहात उभी राहा आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोल. काम गेलं तर घरी ये; इथेही आता काम उरलेलं नाही, दोघी मिळून माश्या मारू.

मी मळ्यामळ्यांतून सांगत फिरतेय. पुढच्या वर्षी माझ्या दारी कुणी फिरकणार नाही, ठाऊक आहे. पहिल्याच मळ्यावर, मी तोंड उघडायच्या आत, मळेवाला हसत म्हणाला, ताई, रोपं इतकी तरतरीत निघाली की निम्मी आजूबाजूला वाटली, लावूनही झाली.

कुणाकुणाला दिली, ते त्याला नीट आठवत नाही.

माया आहे तशीच आहे. निघते.

आत्या