मशीनमधून निघालेला मी

तीर्थस्वरूप नाथाजी दाजी,

रहिमतपूरहून तुमचा मेहुणा आकाराम याचा साष्टांग नमस्कार. मी जिवंत आहे. (पत्राची सुरुवात अशी करू नये हे कळतं, पण आधी तेच सांगणं भाग आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता की खुंटीलाच असतो? काल आक्काला फोन केला, तर माझं "हॅलो" ऐकून ती किंचाळली आणि फोन बंद झाला, तो अजून लागत नाही. म्हणून हे पत्र मिरजेच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं देतोय.

झालं असं. आमच्या फ्लेक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर. पुढच्यावर मी गिऱ्हाईक बघतो, आतल्यावर संयोगिता डिझाइन करते. पेन ड्राइव्ह घेऊन आत-बाहेर पळून मी वैतागलो आणि ठरवलं, दोन्ही नेटवर्कवर जोडायचे, फायली शेअर करायच्या. तर माझ्या कॉम्प्युटरला तिचा कॉम्प्युटर दिसेचना. (मधल्या पार्टिशनमधून तिची शिंक ऐकू येते, पण नेटवर्कवर बाई गायब!) शोधलं तर तिच्याकडं नेटवर्क 'पब्लिक' ठेवलेलं. ते 'प्रायव्हेट' केल्यावर दिसला, पण लगेच पासवर्ड मागायला लागला, जो आम्ही कुणी कधी ठेवलाच नव्हता. ती अट काढून टाकली. मग फोल्डर दिसे, पण उघडायला गेलं की 'परवानगी नाही'. स्वतःच्या बायकोच्या कॉम्प्युटरवर मला परवानगी नाही! चिडून तिच्या फोल्डरचे सगळे अधिकार सगळ्यांना देऊन टाकले. आणि दाजी, उघडलं! त्या आनंदात वरचीच 'फायनल-फायनल' नावाची फाईल न बघता छापायला सोडली आणि समोर बिराप्पाच्या टपरीवर चहाला गेलो. संयोगिता कोरेगावला गेलेली.

आमचं मशीन काचेला लागून, तोंड रस्त्याकडं. फ्लेक्स हळूहळू सरकत येतो. आधी अक्षरं आली, 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"कोण गेलं रं?" बिराप्पानं विचारलं.

"आसंल कुणीतरी," मी म्हणालो.

मग केस आले. मग कपाळ. माणसं काचेशी थांबायला लागली. मग मिशा आल्या आणि माझ्या हातातला कप खाली पडला. त्या मिशा माझ्या होत्या! बिराप्पा एकदा काचेकडं बघतो, एकदा माझ्याकडं. "गड्या, तू हायस का न्हाईस?" खरं सांगतो, मी आधी स्वतःच्या मिशा चाचपून बघितल्या. तोवर कुणीतरी फोटो काढून पाठवलाही होता, तोच आक्काला पोचला.

संयोगिता आल्यावर विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आवं, मामंजी गेले तवा आपण रडत बसलो, अन् दुसऱ्या दुकानानं त्यांचं नावच चुकवलं. म्हणून सगळ्यांचं आधीच करून ठेवलंय. माझंबी हाय."

तिचं उघडून बघितलं. खाली 'शोकाकुल' म्हणून माझं एकट्याचं नाव. दाजी, मला पुढं भांडताच येईना.

आक्काला पाणी द्या आणि समजवा. भेटायला आली तरी चालेल, पण येताना हार आणू नका.

तुमचा (अजूनही) आकाराम

ता.क. खरं काम राहिलंच. 'सगळ्यांचं' म्हणजे तुमचंही केलंय. तुमचा फोटो काळ्या गॉगलमधला आहे, तो बरा दिसत नाही. एखादा साधा पाठवाल का?

ता.क. संयोगिता म्हणते, दाजींना तसदी नको. आक्कानं चांगला फोटो कधीच पाठवलाय. मजकूरही तिनंच वाचून 'फायनल' केलाय.