एकही टाका न मारता

१२ सप्टेंबर

माझ्या वेताच्या खुर्चीचे पाय कापले! दुपारी मी जरा लवंडले होते, तेवढ्यात. करवतीचा आवाज आला तेव्हा वाटलं, हे बकऱ्यांच्या गोठ्याचं काहीतरी करताहेत. बाहेर येऊन बघते तर खुर्ची अंगणात फतकल मारून बसलेली आणि तिचे पाय बाजूला रचून ठेवलेले.

"हिला पाय कशाला हवेत? हिला चाकं येणार," हे म्हणाले.

मूळ कारण मीच. रविवारी टेकडीवरच्या कॉन्व्हेंटमधून निरोप आला. सिस्टर क्लोटिल्डा आता पलंगापासून व्हरांड्यापर्यंतच येतात. त्यांनी सांगितलंय – पर्पेतुआला म्हणावं, आंबे पिकायच्या आत येऊन जा. नव्वदीच्या बाईने असं सांगितलं की अर्थ विचारायचा नसतो. मी चहात मीठ घातलं, आणि ह्यांनी तो पिऊन टाकला.

पण जाऊ कशी? माझे गुडघे फाटकापर्यंत साथ देतात, पुढे नाही. पंपावर पेट्रोल नाही; रांग इतकी जुनी झाली आहे की लोक तिथेच मका भाजून विकू लागलेत. भाड्याच्या सायकलवर मागे बसावं तर पाय वाकत नाही – मागच्या खेपेला भोपळ्यासारखी घरंगळले. तर ह्यांना आठवला तो गोरा प्रवासी, जो तीन चाकांवर चक्क निजून पाय मारत सरोवराकडे गेला होता. "तुझे गुडघे चालायला नाही म्हणतात. पडल्या पडल्या पाय फिरवायला काय हरकत आहे त्यांची?"

हरकत गुडघ्यांची नाही, सिस्टरची. शाळेत सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या असायच्या. मुलींनो, खुर्चीची पाठ तुमच्यासाठी नाही! आज पासष्टी ओलांडली तरी मी प्रार्थनेला टेकून बसत नाही. आणि आता त्यांच्याच भेटीला उताणी होऊन जायचं!

१४ सप्टेंबर

बोनिफास येऊन गेला. माझा धाकटा भाऊ. बाजारात वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं. खुर्ची पाहिली, तीन जुन्या सायकलींचे सांगाडे पाहिले, आणि शिट्टी वाजवली.

"ताई, दाजींना ऊन लागलंय का?"

"तुझ्या फाटकापेक्षा कमीच लागलंय," हे म्हणाले.

झालं! बोनिफासने वेल्ड केलेलं आमचं फाटक ईस्टरला ह्यांच्या पायावर पडलं होतं. बोनिफासचं म्हणणं, फाटक ओढायचं असतं, दाजींनी ढकललं. ह्यांचं म्हणणं, फाटक म्हणजे काय कोडं आहे का?

"दोन दिवसांत जोडून देतो. वीज आली की दहा टाके, खेळ खलास."

"एकही टाका लागणार नाही. नट-बोल्टवर उभी करीन. तुझी ठिणगीसुद्धा नको."

"घरजावयाचा तोरा बघा!"

आता घरजावई कोण नाही आमच्यात? आमच्याकडे नवराच बायकोच्या गावी येऊन राहतो. बोनिफास स्वतः बायकोच्या गावात राहतो, तिथे सासूने हाक मारली की हातातला घास ठेवून उठतो. पण इथे आला की छाती काढतो.

त्यात मामा वारल्यापासून आमच्या लग्नाचा राखणदार – न्खोस्वे – तोच. नवरा-बायकोचं बिनसलं की त्याला बोलवायचं. भांडण त्याच्याशीच असेल तर कुणाला बोलवायचं, हे पूर्वजांनी सांगून ठेवलेलं नाही.

१५ सप्टेंबर

जमिनीवर बसून चहा प्यायले. उठायला ह्यांचा हात लागला.

२४ सप्टेंबर

ह्यांनी कुठून तरी जुन्या कचेरीच्या रॅकचे लोखंडी अँगल आणलेत, ज्यांना आधीपासूनच ओळीने भोकं असतात. ह्यांचा आनंद काय वर्णावा! "बघ, कुणीतरी माझ्यासाठीच भोकं पाडून ठेवलीत." हे आयुष्यभर सर्व्हे खात्यात होते, साधे वाल पेरायचे तरी दोरी लावतात. अंगणात खुंट्या ठोकून यंत्राचा नकाशा आखलाय. कोंबड्या त्यावरून फिरतात, हे त्यांना हाकलतात आणि पुन्हा मोजतात.

आंब्याखाली सल्लागार जमतात. कुणी म्हणतं चाक एक पुढे, दोन मागे. कुणी म्हणतं उलट. शेजारची नाबांडा मक्याचं पीठ चाळता चाळता म्हणाली, "आणि लघवीला लागली तर बाई उठणार कशी?" हा एकच प्रश्न कामाचा होता. ह्यांनी तेवढ्यात एक कोंबडी हाकलली.

वरच्या फांदीवर कैऱ्या अंगठ्याएवढ्या; नोव्हेंबरात पिकायला लागतील. मी रोज बघते.

२८ सप्टेंबर

बोनिफासने बैठक बोलावली! रीतसर. कोट घालून आला – या उकाड्यात – आणि चटईवर न बसता बाकावर बसला, कारण राखणदार आहे. आरोप असा की नवऱ्याने बायकोची वस्तू तिला न विचारता कापली. घर माझं, खुर्ची माझी, तेव्हा गुन्हा आमच्या कुळाविरुद्ध.

"मी तक्रारच केली नाही," मी म्हटलं.

"ताई, तक्रार कुळाने केलीय."

"कुळ म्हणजे कोण?"

"मी."

कोंबडी कापावी लागली. राखणदाराला रिकाम्या ताटावर परत पाठवता येत नाही. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा तिसरा गोळा संपवून त्याने निकाल दिला – दाजींनी चूक कबूल करावी आणि यंत्र वेल्डिंगसाठी दुकानात आणावं. हे म्हणाले, चूक कबूल. वेल्डिंग नाही. बोनिफासने कोंबडीची मान चोखली आणि म्हणाला, "मोडेल तेव्हा टोपी हातात घेऊन याल."

"मेहुणे, त्या दिवशी सूर्य सरोवरात उगवेल."

आता सरोवर आमच्या पूर्वेलाच आहे. सूर्य रोज तिथूनच उगवतो. पण रागाच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

६ ऑक्टोबर

पहिली स्वारी. मला बसवलं – बसवलं कसलं, मांडलं. पाय पुढे, डोकं मागे, डोळ्यांसमोर आभाळ आणि स्वतःचे पंजे. सीटखाली दोन्ही बाजूंना दांडे, ते वळवायचे. तीन सायकलींच्या साखळ्या जोडून एक केलीय. पाय मारला... आणि चाललं! खरंच चाललं! गुडघे दुखले नाहीत. मी ओरडले, "थोकोचे बाबा, चाललं!"

पेरूच्या झाडापर्यंत. मग बोल्ट सैल झाले, मी पुढे गेले आणि मागचं चाक मागेच राहिलं.

हे लगेच कामाला लागले. जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या आणल्या – सायकलवाले ज्यांनी कोळशाची पोती बांधतात त्या – आणि प्रत्येक सांध्यावर ओढून ओढून गुंडाळल्या. बोल्ट धरतो, रबर त्याला हलू देत नाही. आता यंत्र फ्रॅक्चरच्या वॉर्डातून आल्यासारखं दिसतं.

१९ ऑक्टोबर

हसून हसून कुशी दुखताहेत, आणि रडूही येतंय.

आज बाजारापर्यंत गेले. गेल्या खेपेला साखळीने माझा कमरेला गुंडाळायचा चितेंजे खाल्ला होता – चांगलं कापड, लग्नातलं! – म्हणून आज पायांवरून छातीपर्यंत पांढरी चादर खोचून घेतली. सिस्टरची शिकवण, पाय दिसता कामा नयेत. हे मागून चालत. ऊन फार, घाम पुसायला ह्यांनी टोपी काढून हातात धरलेली. चढावर धाप लागून मान खाली.

पहिला सायकलवाला खाली उतरला. वाटलं, वाट देतोय, सभ्य माणूस. मग टोमॅटोवाल्या बायका रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. पाय दुमडून, डोकी झाकून. केशकर्तनालयातला माणूस अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला आणि छातीवर क्रूस केला. सगळा बाजार गप्प.

मला कळेचना. तेवढ्यात एका म्हातारीने हुंदका दिला, "कुणाची गं माय ही? किती शांत दिसतेय!"

पांढऱ्या चादरीत, पाय पुढे करून, मागे टोपी काढलेला नवरा! आमच्याकडे मयत दिसलं की वाटेवरचे लोक असेच खाली बसतात. मी काय करायला हवं होतं? मी काय केलं – उठून बसले आणि म्हटलं, "मी पर्पेतुआ. टोमॅटो कसे दिले?"

पळापळ झाली. टोमॅटो तुडवले गेले. नाबांडा तिथेच होती, तिला मी जिवंत आहे हे ठाऊक होतं, सकाळीच माझ्याकडून मीठ नेलेलं. तरी तिने मोठ्याने गळा काढला. नंतर म्हणाली, "अगं, सगळ्या रडत होत्या, मीच कशी गप्प बसू?"

बोनिफास दुकानाच्या दारात. टोपी त्यानेही काढली होती. चटकन घातली.

२० ऑक्टोबर

गावप्रमुखाचा निरोप: यंत्र रस्त्यावर आणण्याआधी कळवावं. मयताची बातमी देण्याचा मान त्यांचा आहे.

१ नोव्हेंबर

ह्यांनी घंटी बसवली, लाल छत्री बांधली, चादर बंद करून माझ्यासाठी जुन्या पँटचा घागरा शिवला. मी चालवताना गात राहायचं असं ठरलंय, म्हणजे गैरसमज नको. प्रार्थनेतलं गाणं घेतलं तर गैरसमज वाढतो. म्हणून शाळेतलं कवायतीचं गाणं.

पुढच्या अँगलचं एक भोक ताणून लांबट झालंय. हे रोज त्यावर बोट फिरवतात.  नाबांडाच्या झाडाखाली आज पहिला पाडाचा आंबा पडला.

८ नोव्हेंबर

गेले! पोचले! भेटले!

पहाटेच निघालो. वाटेत फक्त एक शाळामास्तर खाली बसला, तो जवळचं पाहायच्या चष्म्यात होता. शेवटच्या चढावर ह्यांनी मागून ढकललं, मी गात होते, छत्री उलटी झाली होती.

सिस्टर व्हरांड्यात. किती लहान झाल्यात! शाळेत वाटायचं, त्यांची सावलीच आमच्याहून उंच. डोळ्यांना फार दिसत नाही. मी जवळ गेले तसा हात पुढे केला, तो माझ्या खांद्यावर नाही, खुर्चीच्या पाठीवर पडला. त्यांनी ती पाठ चाचपली. मग माझी.

"पर्पेतुआ. टेकून बसली आहेस."

"हो, सिस्टर."

"बरं वाटतं का?"

"फार बरं वाटतं, सिस्टर."

त्यांनी खुर्चीची पाठ पुन्हा एकदा चाचपली. "साठ वर्षं मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाल्या.

आणि मग हट्ट! मला बसव. तरुण सिस्टर्स घाबरल्या, ह्यांनी मात्र सरळ उचलून ठेवलं. आवारातल्या मारिया मातेच्या गुहेला वळसा घालून आणलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर बसला. सिस्टरने त्याला आडव्या आडव्याच आशीर्वाद दिला. बिचारा भिंतीला चिकटला! सिस्टर इतक्या हसल्या की खोकला लागला. त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मुलीसारखं हसतात.

उतरताना ह्यांना विचारलं, "हे कुणी जोडलं?"

"मीच, सिस्टर. एकही टाका न मारता."

"माझ्या वेळी हेच आणा. शवपेटी ठेवायचं टेबल फार उंच असतं."

१६ नोव्हेंबर

सिस्टर काल गेल्या. दुपारी, जेवणानंतर, व्हरांड्यात. तरुण सिस्टरने फोनवर सांगितलं, उशीला टेकून बसल्या होत्या.

त्यांनी लिहून ठेवलंय म्हणे, यंत्र पाठवा. ह्यांनी खुर्ची उतरवून तिथे फळी घातली, आणि वजन म्हणून मक्याचं पोतं ठेवून पाहिलं. पुढचं भोक फाटलं. आरपार.

हे पायरीवर बसले. मग टोपी काढली, हातात घेतली, आणि बाजाराकडे गेले. मी फाटकातून पाहत होते. फाटक त्यांनी ओढून उघडलं.

१७ नोव्हेंबर

बोनिफासकडे वीज नव्हती. परवापासून नाही. हे टोपी हातात घेऊन उभे, तो वेल्डिंगचा मुखवटा हातात घेऊन उभा. शेवटी त्याने दुकानाच्या पाटीमागची लोखंडी पट्टी काढली, गिरमिटाने हाताने भोकं पाडली, बोल्ट आवळले, आणि रबर इतकं ओढून बांधलं की तळहाताची सालटी निघाली. "दाजी, हे धरेल," म्हणाला. हे म्हणाले, "धरेल, मेहुणे."

धरलं.

गुहेपासून कबरस्तानापर्यंत दोघांनी यंत्र ओढलं. टेकडीपर्यंत फळीवर मी आले होते; इथून माझी जागा सिस्टरने घेतली होती, तेव्हा ते थोडं अंतर मी काठी टेकत मागून चालत गेले. वाटेवरची माणसं खाली बसली. आज कुणाचीच चूक नव्हती.