दार म्याच नेलं

पल्लवीचे बाबा,

शेलूबाजारहून जीप घेऊन आले अन् घराले दार दिसलं नाई, तं भेऊ नका. चोरी झाली नाई. दार म्याच नेलं.

काल मोजनीवाले साहेब वस्तीत येऊन म्हनाले, हे घरं नाईत, अतिक्रमन हाये, उचला. तवा शेजारच्या बेबीताई म्हने, घरं नाईत तं मंग हे दारं कायचे? म्हनून आज समद्या बायांनी आपापलं दार काढलं अन् ट्रॅक्टरवर टाकलं. आमी ते तहसील कचेरीपुढं उभे करून तिथंच राहनार हावो. साहेबाले आत जायचं असन तं आमची कडी वाजवा लागन. जागेचा पट्टा हातात आल्याबिगर उठत नाई.

बिजागऱ्यांचे स्क्रू कान तुटलेल्या कपात ठेवले. सांभाळजा, परत तेच लावाचे हायेत. चौकटीले माही जुनी साडी बांधली, तरी कुत्रं शिरते, म्हनून भाकरी अन् बेसन वरच्या फळीवर हाये. पल्लवी माह्यासंगं हाये. तुमचा जीपमालक मोर्च्यावरून बोलला तं सांगजा, बायको आयकत नाई. खोटं थोडीच हाये!

रातच्याले तुमी म्हनाले, मोर्च्यात गेली तं तुह्यासाठी दार उघडनार नाई.

दार आता माह्यापाशी हाये. जेवन झालं की कचेरीपुढं या अन् कडी वाजवजा. मी उघडीन.

सपना