रहिवासी घरी परत जाताना

प्रिय धाकट्या,

तुझं 'बघू' पोचलं. अण्णांना घरी कधी आणायचं, या प्रश्नाला तू आजवर दिलेलं हे एकमेव उत्तर आहे.

त्यांच्या वृद्धाश्रमाच्या सॉफ्टवेअरचं काम आमच्याकडे आलंय, हे तुला सांगितलंच होतं. माझी पद्धत तुला माहीत आहे. वापरणाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका आधी लिहायची, प्रोग्रामिंग नंतर. ऑफिसातली पोरं 'बाजारात तुरी' म्हणून चिडवतात. चिडवू देत. जे साध्या वाक्यात सांगता येत नाही, ते बांधायला घेऊ नये. नवा रहिवासी दाखल करणं, औषधांच्या वेळा, भेटायला येणाऱ्यांची नोंद, ही पानं भराभर झाली. मग मी 'रहिवासी घरी परत जाताना' हे पान लिहिलं. व्यवस्थापकबाईंनी ते वाचलं आणि चहा ओतता ओतता सहज म्हणाल्या, हे काढून टाका ताई, हे इथे कधी लागत नाही. बाई वाईट नाहीत. खरं तेच बोलल्या.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दूध गॅसवर ठेवते आणि येरझारा घालत राहते. दोनदा उतू गेलं. पायाचं मोडलेलं हाड सांधेपर्यंतच अण्णांना तिथे ठेवायचं, असं आपलं ठरलं होतं. हाड सांधलं. काल ते माझ्यादेखत काठीशिवाय जिना चढून उतरले आणि म्हणाले, धाकट्याला वेळ मिळत नसेल. मी जाते तेव्हा ते बूट घालूनच बसलेले असतात. का म्हणून विचारलं, तर म्हणे पाय गार पडतात. थाप मारणं त्यांना कधीच जमलं नाही.

मी ते पान काढलेलं नाही. आमच्याकडे प्रत्येक पान खऱ्या माणसांकडून करवून तपासतात. या पानासाठी मला एक रहिवासी आणि त्याला न्यायला आलेला एक मुलगा हवा आहे. रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. निघण्याआधी घरातल्या अण्णांच्या खोलीतली तुझी व्यायामाची सायकल बाहेर काढ. नाहीतरी तिच्यावर कपडेच वाळतात. घर त्यांचं आहे, हे तुला सांगायला नको. पानाची पहिली ओळ आहे, 'नातेवाईक न्यायला येतो.' तेवढी तू कर. बूट घालण्यापर्यंतचं बाकी सगळं अण्णांनी करून ठेवलंय.

रविवारी फाटकापाशी उभी असेन.

तुझीच,
ताई