कोरे बाण

१२ जानेवारी
अलकामावशीने बारा संकल्पना-नकाशे तपासायला सोपवले. तिच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या शिकवणीतली सहा मुलं, प्रत्येकाचे दोन — एक शिकवण्याआधीचा, एक नंतरचा. मध्ये ‘धुकं’, भोवती गोल, एका गोलाकडून दुसऱ्याकडे बाण. दोन्ही शेजारी ठेवायचे, पोराला काय कळलं ते बघायचं. ‘‘गोल मोजत बसू नकोस. बाणावर काय लिहिलंय ते वाच. समजलेलं तिथे असतं.’’ हो हो म्हटलं. बारावी अर्धवट सोडलेली मी, आणि तपासणार!

१४ जानेवारी
शेजारच्या खोलीतला नरसिंह यूपीएससीची पुस्तकं मिटून म्हणाला, ‘‘चल यार, पानिपतला! लढाईचा दिवस, काला अंबच्या स्मारकाला आज आपलीच मराठी माणसं असतात.’’ गेले. सातारचे, लातूरचे, कोणकोण भेटले. परतताना बसमध्ये आठवलं — नकाशे! उद्या द्यायचेत! पिशवीतच होते.
गोल मोजले. वाढले — शाबास. कमी झाले — लाल पेन. आर. के. पुरम यायच्या आत बाराही संपले. वर शेंगदाणे खाल्ले.

१७ जानेवारी
शिकवणीतली संपदा दोन दिवस आली नाही. आज तिची आईच आली, द्वारकाताई. हातात पोरीचे दोन्ही नकाशे. ‘‘मागे गेलीस, असं लिहिलंय. म्हणजे काय हो? पोरगी धड जेवत नाही. म्हणते, मी ढ आहे.’’
अक्षर माझं.
तेव्हा पहिल्यांदा वाचले. आधीच्यात एकोणीस गोल, बाण कोरे. नंतरच्यात पाचच गोल, पण प्रत्येक बाणावर शब्द. रात्र — गार करते — जमीन. जमीन — गार करते — हवा. हवेतल्या वाफेचे — होतात — थेंब. आणि शेवटी धुकं — उशीर करतं — बाबांची बस.
धुकं कसं होतं ते मला आत्ता कळलं. सहावीतल्या पोरीकडून!
आणि मी काय बोलले? ‘‘मावशींना विचारून सांगते.’’ शी.

१८ जानेवारी
मावशीला सांगितलं नाही. भांडी घासली.

२० जानेवारी
सांगितलं. वाचलेच नव्हते, हेही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चष्मा पुसत राहिली. मग, ‘‘लाल पेन तुझं होतं. माफीही तूच माग. बाकी पाचांचे पुन्हा बघ. वाचून.’’

२१ जानेवारी
संपदा आली. मी तोंड उघडायच्या आत तिने नवा नकाशा पुढे केला. सत्तावीस गोल, स्केचपेनने रंगवलेले. बाणांवर एक शब्द नाही.
‘‘दीदी, आता पुढे गेले ना?’’